पराभवाचें वर्ष

विजयावर बोलावयास पुष्कळ जण पुढें येतात. विजयी वीरांच्या मिरवणुकी निघतात, आणि त्यांच्या बालपणींच्या आठवणी सांगणारे सोबती गल्लोगल्लीं सांपडतात. पराभवाला मात्र वाली नसतो. म्हणून आज मी आपणांपुढें एका पराभूत संघाची हकीकत ठेवणार आहें. संघ आपला, मुंबईचा. आणि वर्ष २०२२. मी क्रिकेटचा जाणकार नव्हे. माझा जन्म उपनगरांतल्या शाळांत फळ्यापुढें गेला. मुलें पास कशीं होतात आणि नापास कशीं होतात, एवढेंच मला थोडेंफार समजतें. त्याच दृष्टीनें मीं हें वर्ष पाहिलें, आणि त्याच दृष्टीनें तें आज सांगणार आहें.

आयपीएल या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या स्पर्धेंत मुंबई इंडियन्स हा संघ खेळतो, हें आपण जाणतांच. या संघानें २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० या पांच वर्षीं अजिंक्यपद मिळविलें होतें, आणि पांचही वेळां कर्णधार होता रोहित शर्मा. हा रोहित आपल्या उपनगराचा. आईबाप डोंबिवलीस, आणि मुलगा आजोबा व काका यांच्या घरीं बोरिवलीस, असें त्याचें बालपण गेलें. बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल शाळेचे क्रिकेटशिक्षक दिनेश लाड यांनीं १९९९ च्या सुमारास त्यास हेरलें, तें फिरकी गोलंदाज म्हणून. शाळेची फी घरच्यांस झेपण्यासारखी नाहीं असें कळतांच लाड यांनीं रदबदली करून ती माफ करविली. त्याच्या हातांतली फलंदाजी त्यांना दिसली ती त्यानंतर. शिक्षकाच्या धंद्यांत असे प्रसंग थोडे येतात, म्हणून मला या गोष्टीचें अप्रूप वाटतें.

२०२२ सालीं करोनाच्या भयानें प्रवास टाळण्यासाठीं साखळींतील सर्व ७० सामने चारच मैदानांवर ठेवले होते: वानखेडे, ब्रेबॉर्न, नेरूळचें डी. वाय. पाटील आणि पुण्याजवळचें गहुंजें. म्हणजे आपला संघ सारा मोसम घरच्याच अंगणांत खेळणार होता. परक्या मुलखाचा, परक्या हवेचा बहाणा करण्यास जागा नव्हती.

२७ मार्च रोजीं ब्रेबॉर्नवर दिल्लीशीं पहिला सामना झाला. मुंबईनें १७७ धांवा केल्या आणि दिल्लीचे सहा गडी १०४ धांवांत बाद केले. सामना जिंकल्यांत जमा होता. पण ललित यादव व अक्षर पटेल या जोडीनें दहा चेंडू शिल्लक ठेवून तो हिरावून नेला. २ एप्रिलला राजस्थानकडून २३ धांवांनीं हार झाली. मग पुण्यास लागोपाठ कोलकाता, बंगलोर व पंजाब यांनीं हरविलें. १६ एप्रिलला लखनौकडून पराभव झाला. २१ एप्रिलला नेरूळ येथें चेन्नईस अखेरच्या षटकांत १७ धांवा हव्या होत्या. धोनीनें शेवटच्या चेंडूवर चौकार मारून विजय मिळविला. २४ एप्रिलला वानखेडेवर लखनौनें पुन्हां ३६ धांवांनीं मात केली. आठ सामने आणि आठ पराभव! मोसमाच्या आरंभींच सलग आठ सामने गमावण्याची पाळी या स्पर्धेंत तोंवर कोणत्याही संघावर आली नव्हती.

अशा वेळीं लोक काय बोलतात तें आपण ऐकलेंच असेल. अंधेरीच्या लोकलमध्यें, घाटकोपरच्या पुलावर, मुलुंडच्या नाक्यावर एकच सूर होता. कोणी म्हणे कर्णधार म्हातारा झाला, कोणी म्हणे गोलंदाज कुचकामाचे, कोणी म्हणे यांना पैसा चढला. पराभवाचें कारण शोधणें आणि पराभवाचा गुन्हेगार शोधणें हे दोन अगदीं निराळे उद्योग आहेत. आणि दुसरा फार सोपा असल्यामुळें पहिल्याकडे कोणी वळत नाहीं. आपण आज जरा पहिला उद्योग करून पाहूं.

खरें कारण मैदानावर घडण्याच्या आधींच, फेब्रुवारींत बंगलोर येथें झालेल्या लिलावांत घडलें होतें. नियम असा होता कीं, जुन्या संघांनीं फार तर चार खेळाडू आपल्याकडे राखावे, बाकीचे सर्व सोडून द्यावे, आणि मग प्रत्येकानें नव्यानें बोली लावावी. प्रत्येक संघाच्या थैलींत ९० कोटी रुपये. मुंबईनें रोहित, बुमराह, सूर्यकुमार यादव व पोलार्ड हे चौघे राखले. त्यांत ४२ कोटी गेले. राहिले ४८. त्यांतून इशान किशन या एकट्यासाठीं सव्वापंधरा कोटी मोजले. इंग्लंडचा वेगवान गोलंदाज जोफ्रा आर्चर दुखापतीमुळें या वर्षीं खेळणार नाहीं हें ठाऊक असूनही, पुढच्या आशेनें त्याच्यावर आठ कोटी घातले. उरले पावणेपंचवीस. त्यांतून सव्वाआठ कोटी टिम डेव्हिड यास दिले, आणि दोन सामन्यांनंतर त्यालाच पुष्कळ दिवस बाहेर बसविलें. राहिलेल्या साडेसोळा कोटींत बाकीचा सारा संघ उभा करावयाचा होता. गृहिणींना हा हिशेब समजावून सांगण्याचें कारण नाहीं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यांतच तीन मोठ्या वस्तूंवर निम्म्याहून अधिक रक्कम खर्ची पडली, तर अखेरच्या आठवड्यांत ताटांत काय पडतें, हें त्यांना पुरतें ठाऊक असतें.

आणि जे गेले ते कोठें गेले? हार्दिक पंड्या गुजरातचा कर्णधार झाला. डावखोरा गोलंदाज बोल्ट राजस्थानकडे गेला. डी कॉक व कृणाल पंड्या लखनौस गेले. त्या वर्षींचा अंतिम सामना गुजरात व राजस्थान यांच्यांतच झाला, आणि गुजरातनें तो जिंकला. बुमराहला दुसऱ्या टोंकाकडून साथ देणारा तोलाचा गोलंदाज मुंबईपाशीं उरला नाहीं. आणि स्वतः रोहितची बॅटही रुसली. चौदा सामन्यांत त्याच्या धांवा २६८, सर्वांत मोठी खेळी ४८ ची, अर्धशतक एकही नाहीं. हीं झालीं कारणें. यांत पाप कोणाचेंच नाहीं. कांहीं निर्णय चुकले, कांहीं दान उलटें पडलें.

आतां एका माणसाची गोष्ट सांगतों. ६ एप्रिलला पुण्यास कोलकात्याचा पॅट कमिन्स फलंदाजीस आला आणि त्यानें चौदा चेंडूंत अर्धशतक पुरें केलें. मुंबईचा गोलंदाज डॅनियल सॅम्स याच्या एका षटकांत ३५ धांवा निघाल्या आणि सामना सोळाव्या षटकांतच संपला. त्या रात्रीं सॅम्सविषयीं लोकांनीं काय काय उद्गार काढले, त्यांचा उच्चार येथें करणें शोभणार नाहीं. यानंतर बरोबर एक महिन्यानें, ६ मे रोजीं, ब्रेबॉर्नवर गुजरातशीं सामना होता. अखेरच्या षटकांत गुजरातला हव्या होत्या अवघ्या नऊ धांवा. समोर मिलर व तेवतिया यांच्यासारखे प्रहार करणारे फलंदाज. कर्णधारानें चेंडू दिला तो सॅम्सच्याच हातीं. सॅम्सनें त्या षटकांत तीन धांवा दिल्या, आणि मुंबई पांच धांवांनीं जिंकली. माणूस तोच, हात तोच. महिन्यापूर्वीं ३५ धांवा देणाऱ्याच्या हातीं पुन्हां चेंडू ठेवणारा कोणी होता, एवढीच काय ती गोष्ट. वर्गांत गणित चुकलेल्या मुलास पुन्हां फळ्यापाशीं बोलावण्याचें धैर्य किती शिक्षकांपाशीं असतें, आणि किती आईबापांपाशीं असतें, याचा विचार मला त्या दिवसापासून सुटलेला नाहीं.

पहिला विजय ३० एप्रिलला, रोहितच्या वाढदिवशीं, राजस्थानवर मिळाला. पण दैव एकदम पालटतें असें नाहीं. ९ मे रोजीं बुमराहनें कोलकात्याचे पांच गडी अवघ्या दहा धांवांत टिपले. याहून अधिक एका माणसानें काय करावें? तरीही मुंबई ११३ धांवांत आटोपली आणि ५२ धांवांनीं हरली. १७ मे रोजीं हैदराबादकडून तीन धांवांनीं हार झाली. चौदांपैकीं चार सामने जिंकून व दहा हरून आपला संघ दहा संघांत दहावा, म्हणजे अगदीं तळाशीं राहिला.

परंतु शेवटचा सामना मला सर्वांत मोलाचा वाटतो. २१ मे रोजीं वानखेडेवर दिल्लीशीं गांठ होती. मुंबईला मिळवावयाचें कांहीं नव्हतें. जिंकली तरी दहावी आणि हरली तरी दहावी. दिल्लीला मात्र पुढील फेरींत जाण्यासाठीं विजय हवाच होता. अशा वेळीं हातपाय गाळून खेळणें किती सोपें! पण बुमराहनें तीन गडी बाद केले. एके काळीं बाहेर बसविलेल्या टिम डेव्हिडनें अकरा चेंडूंत ३४ धांवा काढल्या. आणि मुंबईनें पांच गडी राखून सामना जिंकला. दिल्लीचा मार्ग खुंटला व बंगलोरचा मोकळा झाला. स्वतःच्या पदरीं कांहीं पडणार नसतां काम चोख करणें, याला आपण कर्तव्य म्हणतों. त्या संध्याकाळीं तळाच्या संघानें तें करून दाखविलें.

परदेशांतही असे मोसम होतात. अमेरिकेंत धंदेवाईक फुटबॉल म्हणून जो खेळ आहे, तो अंडाकृति चेंडू हातीं घेऊन धांवण्याचा, आपल्या फुटबॉलहून निराळा. त्यांत डेट्रॉइटचा संघ २००८ सालीं आपले सर्वच्या सर्व सोळा सामने हरला. क्लीव्हलंडची तीच गत २०१७ सालीं झाली, तेव्हां तेथील लोकांनीं जानेवारीच्या कडाक्याच्या थंडींत मैदानाभोंवतीं थट्टेची मिरवणूक काढली. परंतु तेथें एक नियम मोठा शहाणपणाचा आहे: जो संघ तळाशीं राहील, त्याला पुढील वर्षीं नव्या दमाचे खेळाडू निवडण्याचा पहिला मान. हरलेल्याला आधीं हात द्यावयाचा. तोच डेट्रॉइटचा संघ जानेवारी २०२४ मध्यें अंतिम सामन्याच्या उंबरठ्यापर्यंत पोहोंचला. आपल्या स्पर्धेंत असा मान नाहीं. येथें हात देणारे कोणी असतील, तर ते प्रेक्षकच.

त्या प्रेक्षकांची परीक्षा २०२४ सालीं झाली. त्या वर्षीं रोहितच्या जागीं हार्दिक पंड्यास कर्णधार केलें. लोकांस तें रुचलें नाहीं. १ एप्रिलला वानखेडेवर नाणेफेकीच्या वेळीं आपल्याच कर्णधाराची आपल्याच लोकांनीं अशी हुर्यो उडविली कीं, संजय मांजरेकर यांना सभ्यपणें वागा असें प्रेक्षकांस बजावावें लागलें. संघ पुन्हां चार सामने जिंकून तळाशीं गेला. त्यानंतर सहा आठवड्यांनीं, २९ जून रोजीं, ब्रिजटाउन येथें विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. दक्षिण आफ्रिकेस अखेरच्या षटकांत १६ धांवा हव्या होत्या, आणि तें षटक टाकलें हार्दिकनें. त्याच षटकाच्या पहिल्या चेंडूवर सीमारेषेवरचा तो अवघड झेल घेतला सूर्यकुमारनें. स्पर्धेंतील सर्वोत्तम खेळाडू ठरला बुमराह, आणि कर्णधार होता रोहित. चौघेही तळाशीं राहिलेल्या मुंबईच्या संघांतले! ४ जुलैला मरीन ड्राइव्हवर जनसमुद्र लोटला, आणि ज्या वानखेडेवर हुर्यो उडाली तेथेंच हार्दिकच्या नांवाचा जयघोष झाला. जयघोष झाला हें बरेंच झालें. पण तो आधीं झाला असता तर त्याची किंमत अधिक होती.

श्रोतेहो, क्रिकेटची ही गोष्ट मीं कां सांगितली? हे सामने चालतात ते एप्रिल-मे महिन्यांत. त्याच महिन्यांत आपल्या घरोघरीं एखादा मुलगा किंवा मुलगी परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत बसलेली असते. संध्याकाळीं बाहेरच्या खोलींत दूरदर्शनपुढें बसून वडील एखाद्या गोलंदाजाला म्हणतात, "याला हाकलून द्या, हा कशाच्याच लायकीचा नाहीं." आंतल्या खोलींत तें मूल ऐकत असतें. हरणाऱ्याविषयीं या घरांत काय बोललें जातें, याची नोंद तें मनाशीं करून ठेवतें; आणि निकालाच्या दिवशीं गुण कमी पडले म्हणजे घरीं यावयास त्याचें पाऊल कचरतें. शाळेच्या फाटकापाशीं असे कचरणारे पाय मीं पुष्कळ पाहिले आहेत.

म्हणून माझी विनंती एवढीच. निकाल वाईट लागला, तर त्या दिवशीं गुन्हेगार शोधूं नका. दोन दिवसांनीं, शांतपणें, कारण शोधा: कोठें वेळ कमी पडला, कोणता विषय आधींच कच्चा राहिला, थैलींतलें बळ कोठें चुकीचें खर्च झालें. आणि ज्या प्रश्नावर मूल अडखळलें, तोच प्रश्न पुन्हां त्याच्या हातीं द्या. २०२२ च्या त्याच पडत्या मोसमांत मुंबईनें एका एकोणीस वर्षांच्या पोराला प्रत्येक सामन्यांत खेळविलें. तिलक वर्मा त्याचें नांव. संघ हरत होता, आणि त्यानें ३९७ धांवा केल्या. २८ सप्टेंबर २०२५ रोजीं दुबईस आशिया चषकाच्या अंतिम सामन्यांत पाकिस्तानविरुद्ध नाबाद ६९ धांवा करून भारताला विजय मिळवून दिला, तो यानेंच. तळाशीं गेलेल्या वर्षांत त्याला कोणी खेळूं दिलें होतें, हें विसरूं नये.