चित्रात दिसते ती कड



 परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात सगळ्या विषयाचा आढावा घेण्याचा रिवाज आहे. तो मी आज पाळणार नाही. मला एकाच आजाराबद्दल आणि त्यातल्या एकाच कामाबद्दल बोलायचं आहे. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूतल्या गाठीच्या रुग्णाचा एमआरआय समोर ठेवून किरणोपचाराचा प्लॅन करताना आपण संगणकाच्या पडद्यावर जी रेषा काढतो, ती रेषा हा माझा आजचा विषय. पुढचे सहा आठवडे यंत्र तिचंच ऐकतं.

ग्लायोब्लास्टोमा किती क्रूर आजार आहे हे या सभागृहात सांगायची गरज नाही. २००५ साली स्टुप आणि सहकाऱ्यांनी ५७३ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. ६० ग्रे किरणोपचार ३० हप्त्यांत आणि सोबत टेमोझोलोमाइड, ही आजची आपली रीत तिथून आली. त्या चाचणीत मध्यम आयुर्मान १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेलं. दोन वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर पोचलं. अडीच महिने ही बाहेरच्या माणसाला किरकोळ मिळकत वाटेल. ज्या घरात मुलीचं लग्न ठरलेलं असतं किंवा मुलाची बारावीची परीक्षा तोंडावर असते, त्या घराला ती किरकोळ वाटत नाही.

आता रेषेकडे येऊ. कॉन्ट्रास्ट दिल्यावर एमआरआयवर गाठीभोवती जी उजळलेली कडी दिसते, ती नेमकी कशाची? गॅडोलिनियम निरोगी मेंदूत शिरत नाही, कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर त्याला थोपवतो. जिथे गाठीने हा अडसर मोडलेला असतो तिथे ते झिरपतं आणि तो भाग पांढरा दिसतो. म्हणजे चित्रात दिसते ती रक्तवाहिन्यांची गळती. गाठीच्या पेशी त्या कडीपाशी थांबलेल्या नसतात. १९८७ साली पॅट्रिक केली यांच्या गटाने स्टिरिओटॅक्टिक पद्धतीने ठिकठिकाणचे तुकडे काढून तपासले. कडीबाहेरच्या, टी-२ चित्रात केवळ सुजेसारख्या दिसणाऱ्या भागातही त्यांना सुट्या गाठपेशी सापडल्या. त्याच्या कितीतरी आधी, १९२० च्या दशकात, वॉल्टर डँडी यांनी काही रुग्णांच्या मेंदूचा अख्खा उजवा गोलार्ध काढून पाहिला होता. तरीही ते रुग्ण रोगमुक्त झाले नाहीत.

या पेशी पांढऱ्या द्रव्यातल्या तंतूंच्या वाटेने सरकतात. कॉर्पस कॅलोसम ओलांडून दुसऱ्या बाजूला जातात. कवटीचं हाड आणि फाल्क्स, टेंटोरियम हे मेंदूमधले पडदे मात्र त्यांना सहसा ओलांडता येत नाहीत. म्हणूनच गाठीभोवती सगळीकडे सारख्या अंतरावर रेषा फिरवून प्लॅन संपला असं मानणं मला पटत नाही. संगणकाला शरीररचना कळत नाही, ती आपल्याला कळते. फाल्क्सपाशी रेषा आत घ्यायची आणि कॅलोसमच्या दिशेने सैल सोडायची, हा निर्णय माणसानेच करायचा असतो.

मार्जिन, म्हणजे गाठीपलीकडे सोडायचं अंतर, किती ठेवायचं? १९८० साली हॉखबर्ग आणि प्रुइट यांनी दाखवलं की बहुतेक रुग्णांत गाठ मूळ जागेपासून दोन सेंटिमीटरच्या आतच परतते. आधी सबंध मेंदूला किरण दिले जात, त्या पद्धतीपासून आपण दूर सरलो याला या अभ्यासाचं मोठं बळ मिळालं. पुढे अमेरिकेत आरटीओजीच्या रीतीत सुजेचा सगळा भाग घेऊन ४६ ग्रे आणि मग आतल्या भागाला उरलेले १४ ग्रे असे दोन टप्पे आले. युरोपात सूज मुद्दाम न घेता एकाच टप्प्यात काम करण्याकडे कल राहिला. २०२३ च्या युरोपीय मार्गदर्शिकेने मार्जिन दोन सेंटिमीटरवरून दीडवर आणलं आहे. यावर आपल्यात मतभेद आहेत आणि ते असावेत. पण विद्यार्थ्यांनी इथे थोडं गणित करून पाहावं. चार सेंटिमीटर व्यासाची गोल गाठ सुमारे ३४ घनसेंटिमीटरची असते. तिच्याभोवती दोन सेंटिमीटर सोडले की ते आकारमान २६८ होतं, म्हणजे आठपट. दीड सेंटिमीटर सोडले तर ते १८० भरतं. अर्धा सेंटिमीटर कमी केला की मेंदूचा जवळपास ९० घनसेंटिमीटर भाग पूर्ण मात्रेतून वाचतो. त्यात रुग्णाची स्मृती असेल, वाचा असेल, उजवा हात असेल.

मग कडीच्या आत मात्रा वाढवली तर? हा मोह जुना आहे आणि मी स्वतः त्याची बाजू अनेकदा ऐकून घेतली आहे. एमआर स्पेक्ट्रोस्कोपीत कोलीन वाढलेलं आणि एनएए घटलेलं दिसतं, तिथे गाठ अधिक सक्रिय असते. फ्रान्समधल्या स्पेक्ट्रो-ग्लिओ चाचणीत अशा भागांना ७२ ग्रेपर्यंत मात्रा दिली गेली. अमेरिकेतल्या बीएन-००१ चाचणीत फोटॉन किरणांनी ७५ ग्रेपर्यंत जाऊन पाहिलं. दोन्हींत एकंदर आयुर्मान वाढलं नाही. या चाचण्या करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. 'नाही' हे उत्तर नीट मिळवणं हेही आपल्या शास्त्राचं काम आहे. मात्र त्यातून मी एक निष्कर्ष काढते. अमिनो आम्लांचं पेट स्कॅन, स्पेक्ट्रोस्कोपी, परफ्यूजन या तपासण्या गाठ कुठे आहे हे अधिक चांगलं सांगू शकतात, पण चांगलं चित्र आणि जास्त मात्रा यांची जोडी आपोआप जमत नाही.

आता मला ज्याची खरी तळमळ आहे ते बोलते. आपल्या राज्यात बहुतेक रुग्णांसाठी प्रश्न स्पेक्ट्रोस्कोपीचा नसतोच. प्रश्न असतो प्लॅनिंगसाठी साधा, ताजा एमआरआय मिळण्याचा. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतला एमआरआय किती गाठ उरली हे सांगतो. आपण किरण सुरू करतो तीन ते सहा आठवड्यांनी. तोवर पोकळी आकसते, मेंदू परत जागेवर सरकतो, आणि काही रुग्णांत गाठ पुन्हा वाढलेली असते. त्यात डेक्सामेथासोनने सूज उतरते, उजळणंही फिकं होतं, आणि आजार तेवढाच असून चित्र सुधारलेलं दिसतं. अशा वेळी महिन्यापूर्वीचं चित्र प्लॅनिंगच्या आजच्या सीटीवर बसवून रेषा काढणं म्हणजे गेल्या वर्षीच्या नकाशावरून यंदा पात्र बदललेली नदी ओलांडणं.

शिवाय रुग्ण काय घेऊन येतो? प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या फिल्म. सीडी मिळालेली नसते, मिळाली तर उघडत नाही, उघडली तर काप पाच मिलिमीटर जाडीचे, मधल्या फटींसकट. निदानासाठी ते पुरतं. प्लॅनसाठी त्रिमितीय, मिलिमीटरभर जाडीचे काप लागतात, सगळं डोकं त्यात यावं लागतं, आणि फाइल मूळ डायकॉम स्वरूपातच हवी. हे करायला नवं यंत्र लागत नाही. आहे त्याच एमआरआयवर वेगळा प्रोटोकॉल लावायचा असतो. नांदेड, जळगाव, चंद्रपूर इथे आता एमआरआय आहेत. प्लॅनिंगचा प्रोटोकॉल त्यांना लिहून पाठवणं हे आपलं काम आहे आणि ते आपण पुरेसं केलेलं नाही.

दुसरी तळमळ आपण एकट्याने रेषा काढतो याची. एकाच रुग्णाचं चित्र चार अनुभवी डॉक्टरांना दिलं तर चार वेगळ्या रेषा येतात, हे आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलं आहे. रेडिओलॉजिस्टला जे पोकळीच्या काठावरचं साधं उजळणं वाटतं, ते आपण गाठ समजून रेषेच्या आत घेतो, आणि कधी याच्या उलट. त्यांच्या अहवालात प्लॅनसाठी लागणारं सगळं येत नाही, कारण आपण विचारतच नाही. उपचार संपल्यावरच्या पहिल्या तीन महिन्यांत तर दोघांनी एकत्र बसणं अटळच आहे. त्या काळात गाठ वाढल्यासारखी दिसते, पण अनेकदा तो उपचाराचाच परिणाम असतो आणि थोड्या काळाने ओसरतो. घाईने 'वाढली' असं लिहिलं गेलं, तर चांगला चाललेला उपचार बंद पडतो.

संगणक आपोआप रेषा काढून देतो, तेही आता रोजचं होत चाललं आहे. मी त्याचं स्वागत करते. नेत्रतंतूंचा छेद, मेंदूकांड, कॉक्लिया या जपायच्या अवयवांभोवती रेषा काढताना ते तासन्‌तास वाचवतं. गाठीच्या बाबतीत मात्र ते उजळलेली कडी ओळखायला शिकलेलं आहे आणि कडीपलीकडचं त्यालाही दिसत नाही. त्याने काढलेल्या रेषेवर सही करणारा डॉक्टर पूर्ण जबाबदार आहे.

वाचवलेल्या मेंदूचं मोल किती, याचा पुरावा आपल्याच राज्यातला आहे. टाटा मेमोरियल हॉस्पिटलने मुलं आणि तरुण अशा २०० रुग्णांवर केलेली चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्या गाठी सौम्य आणि कमी दर्जाच्या होत्या, ग्लायोब्लास्टोमा नव्हेत. पण अचूक, आटोपशीर किरणोपचाराने बुद्धी आणि संप्रेरकांचं काम अधिक चांगलं टिकतं, हे तिने दाखवून दिलं. आपले ग्लायोब्लास्टोमाचे रुग्ण अल्पकाळ जगतात. त्यांना हे मोल कमी लावायचं कारण मला दिसत नाही. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत सहा आठवडे राहून रोज जाळीच्या मास्कखाली झोपणाऱ्या माणसाने घरी परतल्यावर नातवाचं नाव घेतलं पाहिजे. वयस्कर, थकलेल्या रुग्णांसाठी १५ हप्त्यांत ४० ग्रे हा सिद्ध झालेला मार्ग आहे. त्यांचे तीन आठवडे वाचतात, तेव्हा तो संकोच न करता वापरावा.

परिषदेत ठराव होतात, मला त्यात एकच मांडायचा आहे. ग्लायोब्लास्टोमाच्या प्रत्येक रुग्णाचा प्लॅन, किरण सुरू होण्याआधीच्या पंधरा दिवसांतल्या एमआरआयवर व्हावा आणि त्यावरची रेषा रेडिओलॉजिस्टने पाहिलेली असावी. शक्य नसेल तर का नाही, हे केसपेपरवर लिहावं. आपापल्या गावी परतल्यावर रेडिओलॉजी विभागातल्या सहकाऱ्याला फोन करा आणि आठवड्यातला एक तास दोघांसाठी ठरवून टाका.