व्यवसाय-मार्गदर्शनातील मुलाखत : उत्तर कोणाचे?



दहावीचा निकाल लागला की पालक मुलाला घेऊन मार्गदर्शकाकडे जातात. "तुला काय आवडते?" असे मुलाला विचारले जाते आणि उत्तर वडील देतात. मुलगा खाली मान घालून बसतो. मुलाखत तेथेच फसते. कारण ज्याला पुढे आयुष्यभर ते काम करावयाचे आहे, त्याचा आवाजच उमटलेला नसतो.

फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ साली अमेरिकेतील बोस्टन येथे 'व्होकेशन ब्यूरो' सुरू करून या कार्याचा पाया घातला. त्यांच्या निधनानंतर १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी तीन गोष्टी आवश्यक मानल्या : स्वतःची ओळख, निरनिराळ्या व्यवसायांची माहिती आणि या दोहोंचा सुसंगत विचार. व्यवसायांची माहिती पुस्तकांतून मिळते, कल-चाचणीने क्षमतेचा अंदाज येतो. परंतु स्वतःची खरी ओळख संवादातूनच स्पष्ट होत जाते.

म्हणून मार्गदर्शकाने प्रथम पालकांचे म्हणणे आदराने ऐकावे आणि नंतर मुलाशी एकांतात बोलावे. जिवाला धोका असल्याखेरीज त्याचे बोलणे त्याच्या संमतीवाचून बाहेर जाणार नाही, ही ग्वाही आरंभीच द्यावी. "विज्ञान आवडते ना?" हा प्रश्न होकारावर संपतो. "कोणता तास कधी संपला ते कळलेच नाही?" असे विचारले की मूल बोलू लागते. उत्तरास वेळ लागला तर ती शांतता भरून काढण्याची घाई करू नये.

एखादा मुलगा म्हणतो, "मला दुकानात बसायचे नाही." लगेच दुसरा मार्ग सुचविणे ही चूक ठरेल. "दुकानातले नेमके काय नको वाटते?" असे विचारावे. कदाचित कळेल की हिशेब मांडण्यात तो रमतो. गिऱ्हाइकांदेखत मोठ्या भावाशी होणारी तुलना मात्र त्याला सोसत नाही. तेव्हा प्रश्न व्यापाराचा नसतो, घरातल्या बोलण्याचा असतो.

शेवटी मार्गदर्शकाने ऐकलेले थोडक्यात सांगून "हे बरोबर आहे का?" असे विचारावे. पुढे कोणता अभ्यासक्रम पाहावयाचा, कोणत्या व्यावसायिकास भेटावयाचे आणि केव्हा, हे मुलानेच कागदावर लिहावे. त्यानंतर पालकांना पुन्हा आत बोलवावे. त्या वेळी "तुला काय आवडते?" या प्रश्नाचे उत्तर मुलाने स्वतः दिले आणि वडिलांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले, तर मुलाखत सफल झाली असे समजावे.