माणूसघाणा आणि एकांतप्रिय



लग्नकार्यात, सभासंमेलनांत जो दिसत नाही, त्याला आपल्याकडे चटकन 'माणूसघाणा' म्हटले जाते. हा शब्द मोठा अन्यायकारक आहे. माणसांविषयीचा तिटकारा त्यात गृहीतच धरलेला असतो. प्रत्यक्षात त्या गृहस्थाला केवळ गर्दीचा कंटाळा असण्याचा संभव असतो.

जी. ए. कुलकर्णी यांचे उदाहरण घ्या. आपण जसे महाराष्ट्राबाहेर, या सचिनमध्ये राहून मराठी वाचतो, तसे ते धारवाडला राहून मराठी लिहीत आणि महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत. सभा, सत्कार त्यांनी कटाक्षाने टाळले. 'काजळमाया'ला लाभलेला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कारही, प्रकाशनवर्षावरून वाद उद्भवताच, त्यांनी परत केला. पण १९८७ साली ते गेल्यानंतर त्यांची निवडक पत्रेच चार खंडांत प्रसिद्ध झाली. ज्याला माणसे नकोत, तो इतकी पत्रे कशाला लिहील? आणि भाषांतरासाठी त्यांनी निवडले काय, तर कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्या. 'रान', 'शिवार', 'गाव' ही शीर्षकेच पाहावीत. अमेरिकेच्या अरण्यात एक कुटुंब येते, झाडे तुटतात, शेते होतात, अखेरीस गाव उभे राहते. वस्ती कशी घडते, याची ही कथा या एकांतप्रिय लेखकाने मराठीत आणली.

समाजाशी वैर धरणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याला समाज सतत डोळ्यांसमोर लागतो. नाहीतर तो वैर करणार कोणाशी? माझ्या पाहण्यातले समाजद्वेष्टे तर प्रत्येक समारंभाला हजर असतात, तेही पहिल्या रांगेत!

दुर्गाबाई भागवतांचे आयुष्य ग्रंथांच्या सहवासात गेले. पण १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष या नात्याने त्यांनीच आणीबाणीला उघड विरोध केला आणि पुढे तुरुंगवासही पत्करला.

अर्थात, दुःखाने वा आजाराने कोपऱ्यात बसलेल्यास 'एकांतप्रिय' म्हणून सोडून देणे निर्दयपणाचे होईल. त्याची विचारपूस केलीच पाहिजे.

येथील औद्योगिक वसाहतीत खानदेशातून आलेला कामगार दाटीवाटीच्या खोलीत राहतो. त्याला एकांत मिळावा कोठे? म्हणून कार्यकारी मंडळाला माझी एक विनंती आहे. कार्यक्रम अवश्य वाढवावेत. परंतु वाचनकक्षात खिडकीपाशी मुकाट्याने वाचीत बसणाऱ्या सभासदाला त्यांचे आग्रहाचे निमंत्रण देण्यासाठी उठवू नये.