पोटाचे दुखणे आणि मनाचे ओझे



पोटाविषयी आम्ही आजवर पुष्कळ भाषणे केली. पण ती सारी भाकरीची होती. आज आम्ही आतड्याविषयी बोलणार आहो. हा विषय चारचौघांत काढू नये, असा आपला शिष्टाचार आहे. त्या शिष्टाचारापायी कित्येक माणसे आतल्या आत खचतात, म्हणून तो आज मोडतो.

मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन व्रण पडतात, त्या रोगास अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. त्याचाच भाऊबंद क्रोन्सचा रोग, न्यूयॉर्कचे डॉ. बरिल क्रोन व त्यांचे दोघे सहकारी यांनी १९३२ साली त्याचे वर्णन केले. शरीराची संरक्षक यंत्रणाच आपल्या आतड्यावर उलटते. रक्त पडते, दिवसातून दहादहा वेळा जावे लागते. रोग महिनोन्महिने निजतो आणि पुन्हा उठतो.

१९५० च्या सुमारास काही नामवंत मनोविश्लेषक कोलायटिसचे मूळ रोग्याच्या मनात शोधीत. ते मत मागे पडले. 'टेन्शन घेतोस म्हणून होते' हा उपदेश मात्र उरला. म्हणजे रोगही त्याचा आणि दोषही त्याचाच! खरे असे की, केवळ मनाने हा रोग होत नाही. पण रोग मनाला पोखरतो, आणि ताणाने त्रास वाढू शकतो. चिंता व औदासीन्य या रोग्यांत इतरांहून अधिक आढळते.

आमच्या युनियनमधला एक कामगार पाळीवर जेवत नसे; डबा भरलेलाच परत नेई. पुढे 'वारंवार जागा सोडतो' म्हणून त्याला मेमो मिळाला. आम्हीही त्याला दरडावले, "कामचुकारपणा करतोस काय?" तेव्हा तो रडला आणि सारे सांगितले. जावे लागू नये म्हणून तो उपाशी राहत होता. ती आमची चूक येथे कबूल करतो.

कामगार कामावर असेतो त्याला केव्हाही जाता येईल असे शौचालय हवे, असे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या १९ व्या कलमात लिहिले होते. ते कलम आम्ही अनेकदा वाचले होते. 'केव्हाही' या शब्दाचा अर्थ त्या दिवशी कळला. भांडून आम्ही त्याला संडासाजवळचे यंत्र मिळवून दिले. रोग गेला नाही. भीती मात्र उतरली, आणि डबा रिकामा परत जाऊ लागला.

रोग्यांना आमचे सांगणे थोडेच आहे. बरे वाटले म्हणून मनाने औषध सोडू नका. घरी एकाला आणि कामावर एकाला विश्वासात घ्या. लपविण्याचे श्रम रोगाइतकेच थकवितात. मन फार खचले तर समुपदेशकाकडे जा. त्यात कमीपणा नाही.

आणि या गावातील दुकानदार बंधूंनो, कोणी घाईघाईने येऊन संडास कोठे आहे असे विचारले, तर कारण विचारू नका. दार दाखवा.