दुभंगलेला कोरिया

१५ व्या शतकात सेजोंग राजाने सामान्यजनांसाठी सोपी लिपी सिद्ध केली, तो हा कोरिया. भाषा एक, लिपी एक; तरी १९४५ साली ३८ व्या अक्षांशावर देशाचे दोन तुकडे झाले. १९५० ते १९५३ च्या युद्धानंतर परत जाण्यास नकार देणारे २२ हजारांवर चिनी व कोरियन कैदी भारतीय पथकाच्या ताब्यात आले. पथकाचे प्रमुख मेजर जनरल थोरात. आपल्या पालीवरून घाट चढून जाणारा रस्ता ज्या कोल्हापूरला पोहोचतो, तिकडचेच ते! कैद्याने कोठे जायचे ते स्वतःच सांगायचे. तुम्हां-आम्हांला आपले गाव कधी निवडावे लागले आहे काय? ८८ जणांनी दोन्ही बाजू नाकारल्या. १९५४ साली ते आपल्या जवानांबरोबर भारतात आले. पुढे काहीजण ब्राझील, अर्जेंटिनाला गेले.