उन्हाळ्यात एसीविना गाडी
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानातून)

नवतपा, म्हणजे मेअखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवस, तोंडावर आहे, म्हणून आज गाडीबद्दल बोलतो.

आमच्या घरी प्रीमिअर पद्मिनी होती. मे महिन्यात नागपूरहून वर्ध्याला जायचं तर वडील पहाटे पाचला गाडी काढायचे. पुढच्या दारात मुख्य काचेशेजारी एक छोटी त्रिकोणी काच असायची. ती पूर्ण फिरवली की बाहेरच्या वाऱ्याचा झोत थेट छातीवर यायचा. नव्या गाड्यांतून ही काच काढून टाकली, ती चूकच झाली असं माझं ठाम मत आहे.

आता गाडी तापते कशी ते बघा. ऊन काचेतून आत येतं आणि डॅशबोर्ड, सीट तापवतं. त्यांची उष्णता काचेतून तशी परत जात नाही, आणि तापलेली हवाही आतच कोंडून राहते. अमेरिकेतल्या ॲरिझोनामध्ये केलेली मोजणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. उन्हात तासभर उभ्या गाडीतली हवा सरासरी ४७ अंशांवर गेली होती आणि डॅशबोर्ड ६९ अंशांवर. सावलीतल्या गाडीचा डॅशबोर्ड ४८ अंशांवरच राहिला. तेव्हा दोन गल्ल्या चालावं लागलं तरी चालेल, पण गाडी कडुनिंबाखाली लावा. झाड नसेल तर उन्हाकडे गाडीची पाठ करा आणि समोरच्या मोठ्या काचेला आतून चंदेरी पडदा लावा, चकचकीत बाजू बाहेर. काळ्या फिल्मच्या भानगडीत पडू नका; सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच तिला मनाई केली आहे.

परत आलात की लगेच आत बसू नका. एका बाजूची काच खाली करा आणि तिच्या विरुद्ध बाजूच्या दाराची पाच-सहा वेळा उघडझाप करा. कोंडलेली गरम हवा निघून जाते.

गाडी चालू लागल्यावर खरा प्रश्न येतो. बाहेर ४५ अंश असताना उघड्या काचेतून येणारा वारा आपल्याला तापवतच असतो. गारवा देतो तो वाळणारा घाम. म्हणून विदर्भात ओला दुपट्टा डोक्याला, मानेला गुंडाळतात. कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातं. वाळ्याच्या ताटीचं तत्त्वही हेच. कोकणात, मुंबईत मात्र हवेतच ओल असते. तिथे दुपट्टा ओलाच राहतो, गारवा फारसा मिळत नाही. तिथे काचा उघड्या ठेवून वारा खेळता ठेवणं आणि दुपारचा प्रवास टाळणं, एवढंच हाती आहे.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. उभ्या गाडीची काच दोन बोटं उघडी ठेवली म्हणजे झालं, असं अनेकांना वाटतं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी मोजणीत तासाभरात जेवढं तापमान वाढलं, त्यातलं ८० टक्के पहिल्या अर्ध्या तासातच वाढलं होतं, आणि किंचित उघड्या काचेने जवळजवळ काही फरक पडला नव्हता. लहान मुलाचं अंग तर मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं. पाच मिनिटांत येतो म्हणून लेकराला किंवा म्हाताऱ्या आईवडिलांना उभ्या गाडीत बसवून जाऊ नका. दुकानात जाताना त्यांनाही बरोबर घेऊन जा.