अर्धा कोयता



शिरूर कासारच्या पंचक्रोशीतून दरसाल ऊसतोडीला जोडपी निघतात. नवराबायको मिळून एक कोयता, आणि उचल घेतलेली असते ती त्या कोयत्यावर. घरातल्या आईला कर्करोग निघाला की उरतो अर्धा कोयता. उचल मात्र सबंधच राहते. म्हणून आम्ही म्हणतो, हे दुखणे एकट्या बाईचे नव्हे, साऱ्या घराचे आहे.

उपचाराची सोय आहे. परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून चालू आहे. जवळ बार्शीलाही कर्करोगाचे रुग्णालय आहे. महात्मा फुले योजनेने खर्चाचा भार हलका होतो. पण योजना शेळ्यांना पाणी पाजत नाही, मुलांना भाकरी थापून देत नाही. ते काम शेजाऱ्यांचे आणि संघटनेचे.

तेव्हा रेशनकार्ड नि इतर कागद एकाने गोळा करावेत. रुग्णालयातील सोबतीच्या पाळ्या लावाव्यात. चौघांनी मुकादमाकडे जाऊन उचलीला मुदत मागावी. मुलांपासून खरे लपवू नये, आणि थोरल्या मुलीची शाळा सोडवू नये.

समाचाराला येऊन नुसते हळहळणे पुरे झाले. एक पाळी अंगावर घ्या, एवढीच आमची विनंती.